मिठाची हाळी

चनबसप्पांचं ज्वारीचं रान,
मंद्रूपच्या अलीकडे

प्रिय अक्का,

पत्र बघून दचकू नकोस. आप्पा बरे आहेत, घोडी बरी आहे, मीही बराच म्हणायचा. फोन करता आला असता, पण असलं काही फोनवर सांगायला लागलो की मी भलतीकडंच जातो आणि तेवढ्यात रेंज जाते. कागदावर निदान मागं वळून बघता येतं, कुठून निघालो होतो ते. नववीनंतर एवढं सलग पहिल्यांदाच लिहितोय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घे.

तर, तुझा पेनड्राइव्ह. दीड वर्षापूर्वी तू पाठवलास, सोबत एका ओळीची चिठ्ठी, आप्पांनी एकदा बघावं म्हणून. तेव्हापासून तो माझ्या पिशवीत हिंडतोय. चादरीच्या ट्रकबरोबर हैदराबादला जाऊन आला, ढाब्यावर तीन महिने पिठाच्या डब्यामागं राहिला. आप्पांना मी दाखवला नाही. माझ्या फुटक्या मोबाइलला तो जोडता येत नाही हे एक झालं. दुसरं तुला माहीतच आहे. टाकळीच्या शिवारात, आई जाऊन तिसऱ्या दिवशी, तू खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी लावून आलीस आणि आप्पांनी भंडारा उचलून सांगितलं की माझ्या वाड्यावर पुन्हा पाय ठेवायचा नाही. महिनाभर आईच्या मागं कॅमेरा घेऊन फिरलेली पोरगी शेवटच्या तापात नव्हती, तेवढंच त्यांना दिसलं. तुला फोन लागत नव्हता हे मी चारदा सांगितलं. पण बिरोबाचा भंडारा हातात घेऊन बोललेला शब्द आप्पा मागं घेत नाहीत. मला भीती एकच होती. सिनेमा दाखवला आणि त्यांनी तोंड फिरवलं, तर तुला परत आणायला हातात काय उरलं? न दाखवता निदान वाटायचं तरी की कधीतरी होईल.

आता खरं सांगतो. मशीन घ्यायला गेलो ते माझ्यासाठीच. ट्रकच्या केबिनमध्ये, माल भरेपर्यंत, वाटेत सिनेमे बघायला एक छोटा कॉम्प्युटर पाहिजे होता. नव्या पेठेत तीन दुकानं फिरलो. मध्ये एके ठिकाणी शेंगाचटणी कुटत होते, तिथं वासानं अर्धा तास उभाच राहिलो, ते जाऊ दे. पहिल्या दुकानात विड्याच्या पानासारखं पातळ मशीन दाखवलं. मी विचारलं, पेनड्राइव्ह कुठं घालायचा? तो हसला. आता काही घालावं लागत नाही म्हणाला, सगळं हवेतून येतं. दुसऱ्या दुकानात मशीन मोठं होतं, मी पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्या दुकानात मशीन हातात घेण्याआधी तोच प्रश्न तोंडातून निघाला, तेव्हा माझं मलाच कळलं की हे मी माझ्यासाठी घेत नाहीये.

त्या दुकानदारानंच मला विणकरांच्या गल्लीत गंगाधर म्हणून एक गृहस्थ आहेत त्यांच्याकडं धाडलं. जुनी मशीनं उघडून, पुसून, नीट करून विकतात. बायकोशी तेलुगूत बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठीत, आणि बिघडलेल्या मशीनला हिंदीत शिव्या देतात. मी त्यांना सांगितलं, आमच्या वाड्यावर सिनेमा बघायला पाहिजे. ते म्हणाले, मग एवढंसं कशाला, वाड्यात भिंती मोठ्या असतील, मोठा टीव्ही लावा की. मी म्हणालो, भिंती नाहीत. वरचं छत? तेही नाही. त्यांचा चेहरा उतरला. वाडा पडला का, कधी पडला, कुणाला लागलं तर नाही ना, असं हळू आवाजात विचारायला लागले. मी म्हणालो पडला नाही हो, काल कंदलगावला होता, आज मंद्रूपकडं सरकला. काका चष्मा काढून माझ्याकडं बघत राहिले. शेवटी त्यांच्या बायकोनं आतनं तेलुगूत काहीतरी सांगितलं, त्यात 'मेंढरं' एवढा एकच शब्द मला कळला, आणि ते एवढे हसले की स्टुलावरनं पडायचे राहिले.

पण मग त्यांनी जे मन लावलं ना, अक्का. आधी म्हणाले, पंखा असलेलं मशीन घेऊच नका, लोकर आत ओढून घेईल. चादरीच्या कारखान्यातले कॉम्प्युटर उघडले की आतनं कापसाची गादी निघते, हे त्यांनी तीस वर्षं बघितलंय. स्क्रीन चकचकीत नको, रानातल्या उन्हात तुमचंच तोंड दिसेल. चार्जिंग मोबाइलच्याच वायरीनं होणारं पाहिजे, म्हणजे पॉवर बँक चालेल आणि कुणाच्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीतही लावता येईल. आवाज तपासायला तर ते मशीन घेऊन शेजारच्या यंत्रमागापुढं जाऊन उभे राहिले. मागाच्या खटखटीत ऐकू आलं तर रानात येणारच, म्हणाले. असं करत एक वहीएवढं, कोपरा चेपलेलं, काळं मशीन निघालं. त्यांनी ते मागनं उघडून दाखवलं. आत तळहाताएवढी हिरवी पट्टी आणि तिच्यावर हुलग्याच्या दाण्याएवढे काळे ठिपके. पेनड्राइव्हमध्येही तसलाच एक दाणा असतो, सगळं त्यात असतं, म्हणाले. मी बराच वेळ त्या पट्टीकडं बघत होतो. आई, एकशे ऐंशी मेंढरं, टाकळीचं रान, नदी, ते सगळं एका हुलग्यात! चालतं का बघायला काहीतरी लावा म्हणाले, माझ्याकडं दुसरं काहीच नव्हतं. पडद्यावर आईचे पाय आले, चालत होते. मी झटकन मिटलं. काकांनी फडकं घेतलं आणि पुसलेला पडदा पुन्हा एकदा पुसला.

वाड्यावर आलो ते तीन दिवस मशीन घोडीच्या ओझ्यात तसंच. चौथ्या दिवशी दुपारी मेंढरं उन्हाला डोकी एकमेकांच्या पोटाखाली घालून उभी होती. आप्पा बाभळीखाली टेकले होते. मी मशीन त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि सांगून टाकलं, यात आई आहे. अक्कानं केलंय. आप्पा उठले. मला वाटलं, गेले. त्यांनी घोंगडं आणलं, आमच्या दोघांच्या डोक्यावरनं ओढलं, म्हणाले, उजेडाचं दिसत न्हाय मला, जवळ धर.

घोंगड्याच्या अंधारात लोकरीचा, घामाचा वास, आणि मधोमध आई. एवढ्या जवळनं मी तिला कधी बघितलं नव्हतं. मेंढरांभोवती जाळ्याची वाघर कशी टाकत होती, पिलाच्या तोंडात बोट घालून कशी पाजत होती, तू सगळं धरून ठेवलंयस. आपण रोज बघायचो ते, पण बघायचो कुठं? आप्पा पडद्यावर बोट ठेवून मेंढरं ओळखत होते, ही बोरी, ही कानतुटकी, ही गेली की गं. आईचं नाव घेत नव्हते. मग आईनं मीठ हातात घेऊन हाळी दिली. ती लांब, शेवटाला वर जाणारी, तिचीच.

घोंगड्याबाहेर आधी एक घंटा वाजली. मग धसकटांवरनं पायांचा आवाज, एक, दहा, सगळा कळप. आप्पांनी घोंगडं बाजूला केलं. अक्का, मी खूप हिंडलोय, हैदराबादचा बुरूज बघितला, समुद्र बघितला, पण असलं कधी बघितलं नाही. सगळी मेंढरं आमच्याभोवती गोल उभी होती, तोंडं वर करून. पुढं बोरी, म्हातारी झालीये, एक डोळा गेलाय, तिनं नाक मशीनला लावलेलं. ह्या वर्षीची कोकरंसुद्धा मागोमाग आलेली, ज्यांनी आईला कधी ऐकलं नव्हतं. कुणी ओरडत नव्हतं. वाट बघत होती. मी मशीन थांबवलं. आप्पांनी पटका काढून मांडीवर ठेवला.

मग म्हणाले, "तिनं हाळी दिलीया. मीठ द्याय पायजे."

त्यांनी ओझ्यातनं मिठाची पिशवी काढली. दगड पुसले, प्रत्येक दगडावर मूठ मूठ ठेवलं. भर दुपारी, कधी देत नाहीत त्या वेळेला. एकही मेंढरू राहू दिलं नाही, कोकरांना हातातनं चाटवलं. हात धोतराला पुसून माझ्याजवळ आले, पुन्हा घोंगडं ओढलं आणि म्हणाले, लाव फुडं.

पुढचं तुला पाठ असेल. आई मीठ देऊन चुलीशी बसते, भाकरी मोडते, आणि सरळ आमच्याकडं, म्हणजे तुझ्याकडं बघते. म्हणते, रुते, बास की आता, ठिव ते, जेवाय ये. भाकरीचा हात पुढं येतो आणि तिथंच तू संपवलंयस. आप्पा काळ्या पडद्याकडं बघत होते. आली का ती जेवाय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सिनेमा एवढाच आहे. ते घोंगडं झटकून मेंढरांमागं गेले. दोन दिवस तसेच गेले.

आज सकाळी वाघर गुंडाळताना, माझ्याकडं पाठ करूनच म्हणाले, भंडारा उचलला त्यो वाडा टाकळीला व्हता. तितनं उठून किती गावं झाली. ह्या वाड्याबद्दल मी कुनाला काय बोललो न्हाय. मग वळून म्हणाले, बघतो काय, लिही तिला. म्हणून हे पत्र. रविवारी आम्ही वडकबाळच्या पुलापलीकडं उतरतोय, नदीकाठाला. विचारताना मेंढरांचा वाडा म्हण, नाहीतर लोक तुला कुणाच्या तरी दारात नेऊन सोडतील. कॅमेरा आण, नको आणू, तुझं तू बघ. आप्पांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहितो. "दोन हाळ्या दिल्या तिनं, एक मिठाची, एक भाकरीची. मेंढरं आली. एक यायची ऱ्हायलीया."

तुझाच, रविवारपर्यंत तरी कुठंही न जाणारा,
बिरू