शिमग्यानंतरचा दुसरा शुक्रवार

गडचांदूर बसस्थानक,
२४ जानेवारी २०२६

ती. मंगलीबाईस,

धाकट्या भावाचा, सुकलूचा सेवा जोहार. वि. वि. पत्र आरिफ ड्रायव्हरच्या हाती देतो आहे. आता तोच तुमच्या गावची मुक्कामी गाडी नेणार. संध्याकाळी पोचेल, सकाळी परत निघेल. उत्तर लिहिलंस तर त्याच्याकडेच दे. तुमच्या डोंगरात फोन लागत नाही, आणि लागला तरी तू एवढी ओरडतेस की दोन दिवस कान दुखतो. त्यापेक्षा कागद बरा.

मी ३१ मे रोजी रिटायर होतो आहे. गंमत म्हणजे त्याच दिवशी दोन कंडक्टर आणि एक मेकॅनिकही रिटायर होणार. चौघांची जन्मतारीख एक जून! चौघेही डोंगरातले, आश्रमशाळेतले. गुरुजींनी उंची पाहिली, दात पाहिले आणि एक जून ठोकून दिला. बैल विकत घेतानाही माणूस जास्त विचारपूस करतो. एस.टी.ची पहिली गाडीही एक जूनलाच धावली होती, म्हणजे कागदोपत्री मी आणि एस.टी. एकाच दिवशी जन्मलो. दरवर्षी त्या दिवशी मला बँकेचा आणि विमा कंपनीचा शुभेच्छा संदेश येतो. बायको गेल्यापासून घरात आणखी कुणी आठवण काढायला नाही. नागपूरहून पोराचा, पवनचा फोन येतो, पण त्यालाही ठाऊक आहे की ही तारीख खोटी, म्हणून तोही हसून सोडून देतो.

तुला माहीत आहे, स्थानकाच्या फळ्यावर रोज सकाळी मी दिनविशेष लिहितो. वाहतूक नियंत्रकाचं ते काम नाही, पण मला आवडतं. आज लिहिलं, १९५० साली जन गण मन राष्ट्रगीत म्हणून स्वीकारलं. त्याखाली लिहिलं, १९६६ साली होमी भाभा विमान अपघातात गेले. वर आनंद, खाली दुःख, आणि खडू तोच. लिहिता लिहिता वाटलं, इतकी वर्षं मी साऱ्या जगाचे दिवस लिहितो आणि मला माझा एक दिवस नाही.

म्हणून विचारतो. मी खरा कधी जन्मलो? आई तर सांगायचीच नाही, विषय काढला की उठून बाहेर जायची. खरं सांगू का, लहानपणापासून मनात एक काटा आहे की आईला मी नकोसा होतो. आता विचारायला तुझ्याशिवाय कुणी उरलं नाही. रिटायर झाल्यावर पवन नागपूरला बोलावतो आहे, जावंच लागेल असं दिसतं. त्याआधी एवढं कळलं तर बरं.

तब्येतीला जप. आहे तो लोभ डोंगरातल्या थंडीत गोठू देऊ नये.

तुझा
सुकलू


माराईगुडा, तालुका जिवती,
३ फेब्रुवारी २०२६

चि. सुकलूस,

बाईचे पोटभर आशीर्वाद. तुझं पत्र आरिफभाऊंनी हातात दिलं. भला माणूस आहे. गाडी लावून आधी माझी बकरी हाकलून दिली, ती बसच्या पायऱ्या चढत होती. तिलाही नागपूरला जायचं असेल.

तू काय विचारत बसलास! म्हातारपणी दात पडायच्या वेळी बारशाची आठवण. शुक्रवारी आलास म्हणून सुकलू, मी मंगळवारची म्हणून मंगली. आपल्यात नावातच वार असतो, आणखी कशाला पाहिजे? मोहाची फुलं पडायला लागली होती, शिमगा होऊन गेला होता. बाकी मला आठवत नाही, मी तेव्हा एवढीशी होते. माझ्याही आधार कार्डावर एक जूनच आहे, मी कधी रडले का?

इकडे यंदा तूर बरी आली. मुलगी आदिलाबादकडे दिल्यापासून घर मोठं वाटतं. संध्याकाळी चूल पेटवते तेव्हा बोलायला कुत्री असते. ती शहाणी आहे, माझं पुरतं ऐकून घेते. मागच्या आठवड्यात ओढ्याजवळ वाघाची पावलं दिसली, म्हणून गावातली माणसं दिवस मावळायच्या आत दारं लावतात. मीही लावते आणि मग पडून राहते.

नागपूरला जायचं तर जा, पोराजवळ राहणं चांगलंच. माझी काळजी नको. फक्त हा जन्माचा विषय आता परत काढू नकोस, एवढं ऐक.

जेवण वेळेवर करत जा, चहावर दिवस काढू नकोस. माया आहेच, ती मोजून पाहू नये.

तुझी बाई
मंगली


गडचांदूर,
१४ फेब्रुवारी २०२६

ती. बाईस,

सेवा जोहार. वि. वि. तुझं पत्र वाचून हसलो आणि मग वाईट वाटलं. बाई, तुला कोणती बकरी कोणत्या अमावास्येला व्यायली ते पाठ असतं. बाबांच्या बैलाचं शिंग कोणत्या बाजारात मोडलं तेही तू सांगतेस. आणि सख्ख्या भावाचा जन्म आठवत नाही? तुला आठवतं. तू सांगत नाहीस.

मलाही एक आठवतं, ते आज लिहितोच. मी आश्रमशाळेत दुसरीत असेन. शिमग्याच्या सुट्टीत घरी आलो आणि जायचं नाही म्हणून हट्टाने राहिलो. एका सकाळी पाहिलं तर आई भिंतीकडे तोंड करून निजलेली. तिला खूश करावं म्हणून मी टोपली घेतली आणि आपल्या मोहाखाली फुलं वेचायला गेलो. ती मागून धावत आली, टोपली हिसकून फेकून दिली, मला फरफटत घरी आणलं आणि परत तोंड फिरवून निजली. दुसऱ्या दिवशी बाबांनी मला शाळेत नेऊन सोडलं. बाकी पोरांच्या आया त्यांना मोह वेचायला शाळेतून घेऊन जायच्या. माझी आई मला शाळेत ठेवून जायची.

तेव्हापासून मी कुठल्याच घरी हट्टाने राहिलो नाही. बायकोच्या माहेरी नाही, पवनच्या फ्लॅटमध्ये तर चार दिवसांवर नाहीच. आपण नकोसे असू असं वाटलं की मी बॅग भरतो. उन्हाळ्यात तुझ्याकडे येऊन राहावं असं फार मनात होतं, पण त्या घरात आईची ती भिंत आहे.

मी नकोच होतो, असं असेल तर तसं एकदा लिहून टाक. म्हणजे सुटलो. मग मुकाट्याने नागपूरला जातो आणि तुला परत त्रास देत नाही.

राग मानू नये. लोभ असेल तर खरं लिहावं, हीच विनंती.

तुझा
सुकलू


माराईगुडा,
२५ फेब्रुवारी २०२६

चि. सुकलूस,

बाईचे आशीर्वाद. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. आरिफभाऊ रोज विचारायचे की बाई, चिठ्ठी हाय का, आणि मी नाही म्हणायची. आईने मला शपथ घातली होती. ती आज मोडते. आईला जे म्हणायचं ते तिला म्हणू दे, मी वर गेल्यावर ऐकून घेईन.

आपण दोघं नव्हतो, तिघं होतो. सगळ्यांत मोठा डोमा. मी त्याच्या पाठची, तू शेवटचा. डोमा आठ-नऊ वर्षांचा असेल. मला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडायचा आणि मधोमध थांबून टाकून देण्याची भीती घालायचा.

मोह पडायच्या आधी झाडाखालचा पाला झाडून जाळतात, म्हणजे जमीन स्वच्छ दिसते आणि फुलं वेचता येतात. ते काम आईचं. त्या वर्षी तिचे दिवस भरले होते आणि बाबा बांबू कटाईला गेले होते, म्हणून पाला तसाच राहिला. शिमग्यानंतरचा दुसरा शुक्रवार. पहाटे आईला कळा सुरू झाल्या. बायकांनी आम्हा पोरांना बाहेर घालवलं. डोमा म्हणाला की आपण मोह वेचून आणू, माय खूश होईल. त्याने मला बांधावर बसवलं आणि पाल्यात हात घातला. साप होता. मी ओरडत घरी गेले तेव्हा तू रडत होतास. तुझंच रडणं मोठं होतं, म्हणून माझं कुणाला लवकर ऐकू आलं नाही. दुपारपर्यंत डोमा गेला.

आता तुझ्या काट्याचं. त्या संध्याकाळी सगळ्या बायका आईला म्हणाल्या की पोराले खाली ठेव, जरा रडून घे. तिने तुला एक क्षण खाली ठेवलं नाही. मला म्हणाली की मंगली, एक हातातून गेला न दुसरा हातात आला, हात रिकामा राह्यला नाई माहा. नंतर तिने शपथ घातली की सुकलूले कधी सांगजो नको, आपल्या जन्माच्या दिवशी भाऊ मेला हे ओझं त्याच्यावर नको. आणि तू टोपली घेऊन त्याच झाडाखाली गेलास, तेही आईला खूश करायला! तोच दिवस, तेच झाड. ती धावणार नाही तर काय करणार? शाळा उन्हाळ्यापर्यंत चालते, तोवर मोह संपलेला असतो. तुला तिने मोहाच्या दिवसांतून लपवलं, सुकलू. गुरुजींनी एक जून लिहिला तेव्हा ती म्हणाली की बरं झालं, पोराले वेगळा दिवस भेटला.

तुला दिवस नाही असं तू लिहिलंस, ते वाचून माझा जीव तुटला. तुझा दिवस मी दरवर्षी पाळते. मोहफुलं घालून गोड भाकर करते. दोन पत्रावळी वाढते. एक डोमाच्या नावाने झाडाखाली ठेवते, दुसरी तुझ्या नावाने उंबऱ्यात. आई होती तोवर आम्ही दोघी होतो, आता एकटीच. डोमाचं मुंग्या खातात. तुझं कुत्री खाते, म्हणून अशी धष्टपुष्ट आहे.

यंदा शिमग्यानंतरचा दुसरा शुक्रवार तेरा मार्चला येतो. ये असं म्हणत नाही. तू बोलावल्याने येणारा नाहीस, आता का ते कळलं. पण या घरात तू नकोसा कधीच नव्हतास.

कळावे. माया होती तशीच आहे, आता उघडी झाली एवढंच.

तुझी
मंगलीबाई


गडचांदूर बसस्थानक,
१३ मार्च २०२६, दुपार

ती. बाईस,

सेवा जोहार. तुझं पत्र मी पंधरा दिवस खिशात घेऊन फिरतो आहे. उत्तर लिहायला बसलो की अक्षरं दिसत नाहीत. आज यायचं पक्कं केलं होतं, पिशवीही भरली होती, पण दहावीच्या परीक्षा चालू आहेत, जोडीचा नियंत्रक तापाने पडला आहे आणि साहेबांनी रजा दिली नाही. आयुष्यभर घरातून पळायला बॅग भरली, आज पहिल्यांदा घरी यायला भरली तर ही गत.

म्हणून एक केलं. सकाळी फळ्यावर नेहमीप्रमाणे लिहिलं. १७८१, युरेनस ग्रहाचा शोध. १८००, नाना फडणवीस यांचे निधन. १९४०, उधमसिंग यांनी लंडनमध्ये ओडवायरला गोळी घातली. मग हात थांबला. आणि खाली लिहिलं: वर्ष माहीत नाही. डोमा मडावी गेले. सुकलू मडावी आले.

परीक्षेला निघालेल्या एका मुलीने विचारलं की हे डोमा मडावी कोण, स्वातंत्र्यसैनिक होते काय? मी सांगितलं, माझा मोठा भाऊ. बाई, हे शब्द माझ्या तोंडून जन्मात पहिल्यांदा निघाले. मी केबिनमध्ये जाऊन दार लावून रडलो. डोमासाठी रडलो, आईसाठी रडलो, आणि तू इतकी वर्षं उंबऱ्यात एकटी बसलीस त्यासाठी सगळ्यांत जास्त.

३१ मेला हार घातला की एक जूनच्या गाडीने तिकडे येतो. नागपूरचं मग पाहू. पुढच्या वर्षी झाडाखालचा पाला मी झाडीन.

गाडी लागली, आरिफ हॉर्न वाजवतो आहे. तुझा लोभ आज पुरून उरला.

तुझा
सुकलू


माराईगुडा,
१४ मार्च २०२६, सकाळ

चि. सुकलूस,

आशीर्वाद. गाडी सुटायच्या आत घाईने लिहिते.

काल तू येणार नाहीस असं मनाला समजावून ठेवलं होतं, तरी दिवस मावळताना गाडीकडे गेलेच. सगळी माणसं उतरली. शेवटी आरिफभाऊ उतरले, हातात तुझं पत्र. मी तिथेच बसून वाचलं. ते बाजूला उभे राहिले. मग लक्षात आलं की त्यांचा रोजा आहे आणि सोडायची वेळ झाली आहे, आणि हा माणूस माझ्यासाठी ताटकळला आहे. त्यांना घरी आणलं. पाणी दिलं आणि उंबऱ्यातली तुझी पत्रावळ त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी संकोचून विचारलं की बाई, मोह म्हणजे दारू तर नाई ना? मी म्हणाले की फूल हाय भाऊ, निव्वळ फूल. मग पोटभर जेवले. इतक्या वर्षांत तुझ्या वाट्याचं पहिल्यांदा माणसाने खाल्लं. कुत्री रागावून चुलीमागे जाऊन बसली.

जेवण झाल्यावर त्यांनी मोबाईलमध्ये तुझ्या फळ्याचा फोटो दाखवला. मी डोमाच्या नावावर बोट ठेवलं तर फोटो सरकून गेला. त्यांनी परत आणून दिला. मग मी हात मागे बांधून पाहिलं. डोमा शाळेत गेला नाही, त्याचा दाखला नाही, फोटो नाही. त्याचं नाव कुठेच लिहिलेलं नव्हतं रे. माझ्यामागे ते कुणाच्या तोंडीही उरलं नसतं.

एक जूनला ये. भिंत मी सारवून ठेवते.

आणि आज चौदा तारीख. तुला नवा दिनविशेष लिहायचा असेल, तेव्हा फळा पुसावा लागणारच. पूस. फक्त डोमाच्या नावावरून फडकं जरा हळू फिरव.

तुझी वाट पाहणारी
मंगलीबाई