आईचा तांबडा कुत्रा

सुचित्लान, १९ नोव्हेंबर

चि. फाउस्तिनो,

बापाचा आशीर्वाद. गुडघे दुखतात, कोंबड्या अंडी देत नाहीत, बाकी ठीक. तू वेळेवर जेवतोस ना?

तुझं पत्र तीनदा वाचलं, तिन्ही वेळा डोकं फिरलं. म्हणे, मी तुमच्या संग्रहालयाला जुना म्हणून दिलेला मातीचा कुत्रा नवा निघाला! जुन्या थडग्यातल्या भांड्यावर पक्के काळे डाग असतात. याचे तुमच्या संग्रहालयातल्या बाईंनी ओल्या कापसाने पुसले आणि गेले. कुत्र्याला अंघोळ घालायला सांगितलं होतं कोणी? बघायचं, कपाटात ठेवायचं. शिकलेल्या माणसांना हात म्हणून आवरत नाही.

पण अस्सल कुत्रा तूच बदललास, चावी तुझ्याकडे असते म्हणून तुला नोकरीवरून काढणार, हे काय नवीनच? गाढव आहेत झालं.

आता ऐक. रागावू नकोस. रागावशीलच.

विहीर खणताना जुन्या थडग्यात तो अस्सल कुत्रा सापडला तेव्हा तुझी आई अंथरुणाला खिळली होती. त्याच्या गोल पोटावरून हात फिरवत म्हणाली, "मेल्यावर वाटेत नदी लागते, पाठीवर घेऊन पार न्यायला हा बरा."

मी दारातल्या कुत्र्याकडे बघत म्हटलं, "आपला पालोमो आहे की."

"तो पांढरा! काठावर बसून म्हणेल, आत्ताच अंघोळ केली, मी नाही भिजणार. तांबडाच लागतो. एवढं कळत नाही, आणि म्हणे कुंभार!"

श्वास पुरत नव्हता, पण टोमण्याला पुरला.

तू तर आधीच संग्रहालयाला शब्द देऊन बसलेला. मला विचारलंस? म्हणून दुसरा केला. कान, शेपटीतलं भांड्याचं तोंड, सगळं हुबेहूब. डाग तेवढे काजळीचे. घाई झाली. तू फुलं आणायला गेलास, तेव्हा अस्सल मी शवपेटीत तिच्या पायांशी ठेवला.

उद्याच्या बसने येतो. मी फसवलं, मुलाला काही ठाऊक नव्हतं, असं सहीनिशी लिहून देतो. कोंडायचं तर कोंडा, उशी तेवढी द्या. पण अस्सल कुठे आहे ते मी सांगणार नाही. तूही सांगू नकोस. हे पत्र चुलीत घाल. नाहीतर फावडी घेऊन येतील. मेल्यावरची ती वाट चार वर्षांची, आणि तिला जाऊन तीनच महिने झालेत. नदी अजून यायचीच असेल. चार वर्षं झाली की मी स्वतः उकरून देईन, तोवर मीच तिच्या शेजारी पुरलेला नसलो तर.

तिला पोहता येत नाही, फाउस्तिनो.

तिचा नवरा, आणि म्हणून तुझा खोटारडा बाप,
क्रेसेन्सिओ