मांडवात नाव कोण घेणार

कासू, २ मे

सरू,

डीजेवालाच आणायचा होता तर मनालीच्या हळदीचं आवतण मला कशाला दिलंस? भात खायला? तीस वर्षं मांडवात धवले गाते मी, आणि तू मोबाईलवर त्या चमकीच्या झग्यातल्या पोरीचं गाणं पाठवतेस. वर म्हणतेस, "बायजा, आपलाच धवला, पण हिचा गळा बघ किती गोड. आता लोकं हिलाच ऐकतात."

ऐकला. गोड हाय. पाकात बुडवून काढलेला. खाली ढोल असे बडवलेत की बाईनं श्वास कुठं घेतला ते कळत नाय. जळते म्हणशील. व्हय, थोडी जळते.

बाकी तुम्ही सगळी बरी ना? आम्ही बरे. आमचे तुमच्याकडं धाटावच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला जातात, त्यांच्याच हाती चिठ्ठी देते. पाकीट डकवलंय. उघडलेलं दिसलं तर मला कळव.

त्या गाण्यात चार देवांची नावं हायेत, पुढं नुसतं नाचायचं. देवांच्या मागून घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन मांडवात बोलवायचं असतं, हे मी तुला सांगू? तुझ्या हळदीला माझ्या सासूनं तुझ्या आज्याला हाक मारली तेव्हा पदरात तोंड घालून रडलीस. हिरामणभाऊंना जाऊन तीन वर्षं झाली. लेकीच्या हळदीला बापाला कोण हाक मारणार? त्या झगेवालीला ते ठाऊक तरी हायेत?

चार वेळा फोन केलास, मी उचलला नाय. म्हणून बायजा रुसली असं रोह्यात सांगत सुटलीस. रुसले नाय गो. फोनवर तुला माझा आवाज ऐकू गेला असता.

होळीपासून बसलाय. घरात सांगितलं, लग्नसराई हाय, गाऊन गाऊन बसला. खोटं सांगितलं. दोन मांडव मी स्वतः नाकारले. पेणच्या डॉक्टरनं गळ्यात दुर्बीण घालून बघितलं, गाठ हाय म्हणाला. काढून तपासायला पाठवायची. आवाज पयल्यासारखा राहील का, असं विचारलं तर कागदात बघत बसला.

कापायला भीत नाय मी. शुद्धीवर येऊन तोंड उघडीन आणि त्यातून काय निघालंच नाय तर, याला भिते. धवले कुठं लिहिलेत? सासूनं माझ्या तोंडात घातले, मी कोणाच्या घातले नाय. पोरी शिकायला आल्या त्यांना हाकललं, सूर लागत नाय म्हणून. आता न्हाणीचं दार लावून हिरामणभाऊंचं नाव गाऊन बघते. परवा फाटलं. काल निघालंच नाय. आज अर्धं निघालं.

आणि मांडवात असं अर्ध्यावर तुटलं तर? बायका काय म्हणतील ते तुला ठाऊक हाय. तुझ्या पोरीला अपशकुन माझ्या तोंडून नको. तेवढ्यापुरती ती झगेवाली बरी. तिचं कधी तुटत नाय.

ऑपरेशन १४ तारखेला, हळद १७ ला. डॉक्टर म्हणाला, पुढं ढकलू नका, ढकलायचंच असेल तर शुक्रवारी सकाळपर्यंत सांगा. तू गा म्हणालीस तर ढकलीन. हे ओझं तुझ्या डोक्यावर देते, कळतंय मला. पण तुझ्याशिवाय कोणाला सांगितलं नाय, आमच्यांनाही नाय.

फाटकी बायजा पायजे का गोड झगेवाली, सरळ लिही. कीव करून व्हय लिहू नको, मला कळेल. गुरुवारी आमचे तीनला सुटतात, कंपनीच्या गेटावर त्यांच्याकडं पाकीट दे, डकवून. गुरुवार म्हणजे गुरुवार. फोन करू नको.

आजपर्यंत मांडवात एक नाव न चुकलेली,
तुझी बायजा