पृथ्वी लोड होत आहे

१ जुलै, सोमवार. सकाळी ६.
काल दिवसभराची कार्यशाळा झाली. विषय: मोफत ऑनलाइन साधनांतून समृद्ध वर्ग. सर्टिफिकेट मिळालं. आडनाव चुकलंय, पण शिक्का ठसठशीत आहे. एकोणीस साधनांवर खाती उघडली. एकोणीस पासवर्ड या वहीच्या शेवटच्या पानावर.
संकल्प: आजपासून खडूला हात लावणार नाही. पाठ्यपुस्तकालाही नाही. सव्वीस वर्षं भूगोल शिकवतोय, पुस्तक कशाला हवं? सगळं तोंडपाठ आहे.
ऑगस्टपासून पर्यवेक्षकाची जागा रिकामी होतेय. उमेदवार दोनच, मी आणि गणिताच्या बाई. त्यांना मी मनातल्या मनात खडूबाई म्हणतो. कोपरापर्यंत पांढऱ्या, जणू पिठाच्या गिरणीतून आल्यात. मोबाइल बटणांचा. या बाईशी स्पर्धा म्हणजे माझाच अपमान. २३ तारखेला समिती येणार, दोघांचेही तास बघणार. बघू दे.

३ जुलै, बुधवार.
आठवीला धडा: ऋतू कसे होतात. फिरती त्रिमितीय पृथ्वी पडद्यावर आणली. निम्मी आली आणि अडकली. खालचा अर्धा भाग करडाच. पुढच्या बाकावरची चष्मेवाली (हिला प्रश्न विचारायचा रोग आहे) म्हणाली, सर, खाली असं करडं का? मी म्हटलं, तिकडे रात्र आहे. तिने वहीत लिहून घेतलं. बरं झालं.
बाकीचे बेचाळीस चेहरे कोरे. गाढवाला गुळाची चव काय!

५ जुलै, शुक्रवार.
कॉम्प्युटर लॅबमध्ये ऑनलाइन क्विझ. मोफत आवृत्तीत दहाच जण खेळू शकतात, हे आयत्या वेळी कळलं. उरलेल्या तेहतीस जणांना 'निरीक्षक' नेमलं. निरीक्षकांनी एकमेकांच्या डब्यांचं निरीक्षण केलं. जिंकणाऱ्याने टोपणनाव घेतलं होतं: टक्कलसम्राट. कोण ते कळलं नाही. वर्गात टक्कल असलेलं कुणीच नाही.
तरी सहभाग उत्तम.

९ जुलै, मंगळवार.
आज मास्टरस्ट्रोक. बोलणारा कार्टून शिक्षक बनवला. चेहरा साधारण माझा, केस जास्त. मोफत व्हिडिओ फक्त एका मिनिटाचा मिळतो. त्यात शुभ प्रभात, माझा परिचय, पदव्या, कार्यशाळेचा उल्लेख, एवढ्यात बावन्न सेकंद गेले. मग कार्टून म्हणाला, तर मुलांनो, ऋतू होण्याचं खरं कारण म्हणजे... आणि तोंड उघडं ठेवून थांबला. कपाळावर 'नमुना प्रत' असं लिहिलेलं.
घंटा झाली. मुलं जागची हलेनात. कारण काय, कारण काय, असा गलका. याला म्हणतात उत्कंठा! खडूबाईंच्या तासाला होते का?
घरी सांगितलं तर ही म्हणाली, मग तुम्हीच सांगायचं होतं ना कारण, तोंडाने. लेक मान खाली घालून हसत होती. या घरात संशोधकाला किंमत नाही.

१० जुलै, बुधवार.
मुलं मला 'बफरिंग सर' म्हणतात असं शिपाईमामांनी सांगितलं. सांगताना ते उगाच खोकत होते. मला आनंदच झाला. आठ दिवसांत पोरांच्या तोंडी तांत्रिक शब्द आले.

१२ जुलै, शुक्रवार.
काल एक सुंदर परदेशी वर्कशीट मोफत उतरवून घेतली, मोफत भाषांतरयंत्रातून काढली आणि सगळ्या वर्गाला वाटली. वाचत बसलो नाही. यंत्रावर विश्वास नसेल तर मग यंत्र कशाला?
आज दुपारी एका मुलाची आई शाळेत आली. व्यवसायाने नर्स. हातात माझी वर्कशीट. त्यात म्हणे लिहिलं होतं, 'कर्करोगाच्या उष्ण प्रदेशात सूर्य डोक्यावर येतो'. तिचा मुलगा रात्रभर विचारत होता, तो प्रदेश आपल्यापासून किती लांब आहे. 'ट्रॉपिक ऑफ कॅन्सर' म्हणजे कर्कवृत्त म्हणायचं होतं, एवढं तिला समजायला नको? मुख्याध्यापिका माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, यंत्र अजून शिकतंय. त्या म्हणाल्या, आणि तुम्ही?
हा प्रश्न मी उत्तर देण्याच्या लायकीचा समजलो नाही.

१६ जुलै, मंगळवार.
कट उघडकीस. शाळा सुटल्यावर माझ्या आठवीतली पोरं खडूबाईंच्या वर्गात जातात! गेले चार दिवस. मी पायऱ्यांवरून गुपचूप गेलो आणि दारातून बघितलं.
बाईंनी एका चेंडूत विणकामाची सुई आरपार खुपसली होती. सुई तिरकी धरून टेबललॅम्पभोवती फिरत होत्या, चपला काढून. पोरं खिडक्यांचे पडदे ओढून टेबलाभोवती दाटीवाटीने उभी. एकविसाव्या शतकात! चेंडू! मला हसूच आलं.
पण पुढे ऐकलं ते गंभीर आहे. बाई म्हणत होत्या, लॅम्पपासून चेंडू किती लांब आहे, त्याचा ऋतूशी संबंध नाही. बघा, सुई तिरकी आहे. इथे वरचा भाग दिव्याकडे झुकलाय, तिथे उन्हाळा. पलीकडे गेलं की तोच भाग मागे, तिथे हिवाळा. चष्मेवाली म्हणाली, अय्या, मग वर आणि खाली एकाच वेळी वेगवेगळे ऋतू! बाई म्हणाल्या, शाबास, हेच.
साफ चूक! पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा, लांब गेली की हिवाळा. शेंबडं पोरसुद्धा सांगेल. शेगडीजवळ गेलं की चटका बसतो, त्यात सुई कुठून आली? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.
वीस मिनिटं थांबलो. पुरावा म्हणून.

१८ जुलै, गुरुवार.
ऑनलाइन चाचणी घेतली, दहा-दहाच्या गटांत. हे साधन स्वतः उत्तरं तपासतं. मी फक्त बरोबर उत्तर भरून ठेवायचं. भरलं: सूर्यापासूनचं अंतर.
निकाल: त्रेचाळीसपैकी एकोणचाळीस चूक. सगळ्यांचं एकच उत्तर, आस तिरका असल्यामुळे. बरोबर फक्त चौघं. चौकशी केली. हे चौघं चार वाजताची बस पकडतात, बाईंकडे जात नाहीत. घ्या! यापेक्षा शास्त्रशुद्ध पुरावा कोणता?
साधनाने रंगीत आलेख काढून दिला. एकोणचाळीसांचा लाल डोंगर, चौघांची हिरवी टेकडी. खाली तक्रार टाइप केली: 'गणिताच्या शिक्षिका भूगोलात ढवळाढवळ करून विद्यार्थ्यांना चुकीचे ज्ञान देतात.' मुख्याध्यापिकांना दिली, समितीलाही मेल केली. मुख्याध्यापिकांनी दोनदा विचारलं, नक्की पाठवायचीय ना? मी म्हटलं, सत्याला घाबरतो कोण?

२३ जुलै, मंगळवार. दुपारी ३.
शिक्षकांच्या खोलीत एकटाच बसलोय. लिहून काढतो, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल.
समितीत तिघं. मधल्या बाई पांढऱ्या केसांच्या, कॉलेजातून भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. माझा तास दहा वाजता. आज पृथ्वी आली, अख्खी. फिरलीसुद्धा. मी आलेखही लावला आणि एकोणचाळीस मुलांचं नुकसान कुणामुळे झालं ते नाव न घेता सांगितलं. मागे खडूबाई उभ्या होत्या. मुलांनी एकदम त्यांच्याकडे बघितलं.
पांढऱ्या केसांच्या बाईंनी चष्मा पुसला. म्हणाल्या, तुम्ही भरलेलं बरोबर उत्तर दाखवाल का? दाखवलं. मोठ्या अक्षरांत पडद्यावर आलं. अंतर.

त्या शांतपणे म्हणाल्या, सर, अंतरामुळे ऋतू होत असतील, तर वरच्या गोलार्धात उन्हाळा असताना खालच्या गोलार्धात हिवाळा कसा?
मी पडद्याकडे बघितलं. पृथ्वी गोल गोल फिरत होती. तिरकी. पहिल्या दिवसापासून तिरकीच असणार. मला तोंडपाठ असलेलं काहीच आठवेना.
मी म्हणालो, नेट जरा स्लो आहे.
कुणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळ्याच माना खाली होत्या, त्यांत टक्कलसम्राट म्हणून जिंकणारं कार्टंही असणार.
मग खडूबाई पुढे आल्या. आता मारतील, असं वाटलं. त्या समितीला म्हणाल्या, हा घोटाळा खूप जणांचा होतो. माझाही झाला होता. सरांच्या व्हिडिओने मुलांना कारणाचा ध्यास लागला, म्हणून ती माझ्याकडे आली. मला येत नव्हतं, मी पुस्तक उघडून बघितलं. पान त्रेचाळीस.
माझी तक्रार तेव्हा त्यांच्याच हातात होती. मेलची प्रत प्रिंट करून कुणीतरी त्यांना दिली होती. त्यांनी ती चार घड्या करून पर्समध्ये टाकली.

२४ जुलै, बुधवार.
पान त्रेचाळीस बघितलं. चौकटीत, ठळक अक्षरांत: 'अंतरामुळे नव्हे.' प्रस्तावनेतली तारीख अकरा वर्षांपूर्वीची. पुस्तक माझ्या कपाटातलंच. पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती.
सव्वीस वर्षं. वर्षाला साधारण ऐंशी मुलं. गुणाकार करणार नाही.
हिला सांगितलं. म्हटलं आता टोमणा येणार. तिने चहा ठेवला.

२६ जुलै, शुक्रवार.
नोटीस लागली. पर्यवेक्षक: गणिताच्या बाई. अभिनंदन करायला गेलो. त्यांनी हात पुढे केला, माझ्या बाहीला पांढरं लागलं. झटकलं नाही.
तक्रारीबद्दल बोलायला तोंड उघडलं. कार्टूनसारखं उघडंच राहिलं. त्या म्हणाल्या, राहू द्या हो, सर.
मधल्या सुट्टीत चष्मेवाली वही घेऊन आली. ऋतूंचं उत्तर पुन्हा लिहून आणलं होतं, आकृतीसकट. तपासायला लाल पेन उचललं. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. पेन वहीवर टेकवलं आणि मग तिलाच विचारलं, नक्की ना गं?
ती म्हणाली, हो सर, नक्की.
मग बरोबरची खूण केली.