झोके

३ मार्च
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. बाबांचं कळवते. सोमवारी त्यांनी स्वतः दाढी केली, शिवणाचं मशीन पुसून ह्यांच्या शर्टाची बाही उसवून पुन्हा शिवली आणि आधीच्या शिंप्याला यथेच्छ नावं ठेवली. मंगळवारी मला ओळखलं नाही. बुधवारी पुन्हा ठणठणीत. आज दिवसभर डोळा उघडला नाही. तुला बोलवावं की नाही, काही सुचत नाही. बोलतात तेव्हा तुझंच विचारतात. तुझं ते प्रयोगशाळेतल्या नळीतलं पाणी गढुळणार तरी कधी?
माझी माया आहेच, तू पत्रांचा आळस सोड.
ताई

९ मार्च
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. पाणी नव्हे गं, द्रवस्फटिक. गरम असताना त्याचे रेणू बाजारातल्या गर्दीसारखे वाटेल तिकडे तोंड करून असतात. निववत नेलं की एका ठरावीक अंशाला सगळे एकदम एका दिशेला वळतात आणि नळी गढुळते. त्याच्या जरा आधी लहानलहान घोळके वळतात, पुन्हा विस्कटतात. अंश जवळ येईल तसे हे झोके मोठे होतात, ओसरायलाही वेळ लागतो. म्हणून अंशाचा हजारावा भाग उतरवायचा आणि तासन्‌तास बसून राहायचं. मध्येच उठलो तर दोन महिन्यांची मेहनत पाण्यात.
बाबा बुधवारी ठणठणीत होते, म्हणजे सावरताहेत. वीस तारखेला निघतो. त्यांना हे वाचून दाखव.
लोभ आहे तसाच राहू दे.
धाकटा

२६ मार्च
ती. ताईस,
सा. न. परत पोचलो. तार मिळताच निघालो, तरी बाबांचं तोंड दिसलं नाही. तू चार शिव्या हासडल्या असत्यास तर बरं वाटलं असतं. आज तुझं तीन तारखेचं पत्र पुन्हा वाचलं. सोमवार, मंगळवार, बुधवार. झोके मोठे होत होते. हेच ओळखायचा मला पगार मिळतो, आणि मी लिहिलं, सावरताहेत. मला फार वाईट वाटतंय, ताई.
रागावलीस तरी लिही.
धाकटा

१ एप्रिल
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. रागावू कशी? तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं होतं. झोक्यांचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे माझं जवळ आलंय. त्याला कळवू नकोस, उठून येईल." मी त्यांचं ऐकलं. तुला कळलं नाही, आणि मला कळून मी गप्प बसले.
बाबांची म्हणून आता आपण दोघंच. लोभ कमी करू नकोस.
ताई