प्रियदर्शिनीताईंची वाटी

अम्मी, सलाम.

शेजाऱ्यांची वाटी रिकामी परत द्यायची नसते, हे तूच शिकवलंस. इथे उलव्यात समोरच्या प्रियदर्शिनीताईंची खिरीची वाटी आठ महिने फ्रिजवर पडून आहे. रोज ठरवते, आज काहीतरी करून देईन. मग कुकरची शिट्टी, धाकट्या नौमानचं रडणं, वरून जाणारं विमान, सगळं एकदम अंगावर येतं आणि मी कान झाकून खाली बसते. ताईंची चाहूल लागली की लिफ्ट सोडून सात मजले जिन्याने उतरते. आता त्या काही पाठवत नाहीत. दुसरं कुणी येतही नाही.

डॉक्टर म्हणाल्या, एडीएचडी, तुमचा मेंदूच वेगळा चालतो. तू त्याला आळस म्हणायचीस, म्हणून हे पत्रही पाठवणार नाही.

आज सहा वर्षांच्या हादियाने वाटीत चार बिस्किटं घातली आणि देऊन आली.

"काय बोलल्या गं?"

"विचारलं, मम्मी रागावलीय का आमच्यावर?"

"मग?"

"मी बोलले, नाय, ती वाटीला घाबरते."

तिच्या हातात तीच वाटी शिरा भरून परत आली होती. मी उभ्यानेच खाल्ला, वाटी धुतली आणि रिकामीच घेऊन त्यांची बेल वाजवली.

"ये ना आत," म्हणाल्या. वाटीत पाहिलंसुद्धा नाही.

तुझी,
सलिमा