सुतकात राहिलेली गोळी

मी, उदय विश्वनाथ पिंगळे, वय बासष्ट, धाग्याच्या कारखान्यातून मेंटेनन्स इंजिनिअर म्हणून निवृत्त, राहणार किलवणी रोड, सिल्वासा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी पूर्ण शुद्धीवर आहे. हे वाक्य सगळेच लिहितात. मला मात्र त्याला डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो. मला बायपोलर हा मनाचा आजार आहे. त्यावर मी ओलान्झापिनची गोळी घेतो. काल संध्याकाळीही घेतली. वेड्याचा कागद म्हणून कोणी कोर्टात जाणार असेल, तर त्याने आधी तो दाखला वाचावा.

एक. राहता फ्लॅट आणि बँकेतली ठेव माझा मुलगा सौरभ याला द्यावी. आईच्या तेराव्यापासून त्याने या घरात पाऊल टाकलेले नाही, माझा फोन तो घेत नाही. तरी वारस तोच. वाटणीआधी पुढचा मजकूर त्याला वाचून दाखवावा, ही माझी अट आहे.

सौरभ, तुझी आई कल्पना हिने लग्नानंतर माझा आजार पाहिला आणि गोळी स्वतःच्या ताब्यात घेतली. दिवेलागणीला ती देवापुढे पितळी वाटीत साखर ठेवायची, त्या साखरेत माझी गोळी. दिवा लागला की वाटी माझ्या हातात. "घ्या, प्रसाद." घरात पाहुणे असोत की तुझे मित्र, कोणाला कळले नाही. गोळीने पोट सुटले, सकाळी डोळे उघडत नसत. मी कुरकुरलो की म्हणायची, "पोट दिसतंय तर दिसू दे, तुम्ही घरात दिसताय ना?" तुला सांगू या, असे मी म्हणत असे. "त्याचं लग्न होऊ दे." लग्न झाले. "सूनबाई रुळू दे." मग ती स्वतःच गेली.

त्या दिवशी तुझ्या शैलजामावशीने रीतीप्रमाणे देव्हाऱ्यावर कापड टाकले. सुतकात देवाला शिवायचे नाही, आणि गोळ्या देव्हाऱ्याच्याच खणात. दिवा नाही, साखर नाही, प्रसाद नाही. मला गोळी औषध म्हणून आठवलीच नाही, कारण वाटी हातात देणारीच नव्हती.

तेराव्यापर्यंत माझी झोप उडाली होती, आणि दुःखही. कल्पना माहेरी गेली आहे आणि आज परत येते आहे, अशी माझी खात्री पटली. म्हणून मी जिलबी मागवली. तिला वाजतगाजत आणायला खानवेलहून तारपा हे आदिवासी वाद्य वाजवणारे बोलावले. पंगत बसलेली, आणि मी दारात नाचत होतो. तू माझा हात धरलास. "बाबा, आई गेलीय. लाज नाही वाटत?" मी हसून म्हणालो, "अरे, रिक्षा वळलीच असेल." तू बॅग उचललीस.

माझ्या हाताखालच्या फिटरने, गोकुळने, मला डॉक्टरांकडे नेले. मी रिक्षात बसेना. तेव्हा तो म्हणाला, "चला सायेब, वहिनीले घ्यायला जाऊ." मी निमूट बसलो.

डॉक्टरांनी विचारले, "गोळ्या का बंद केल्यात?"

"सुतक आहे. देव झाकलेत."

त्यांनी पेन खाली ठेवले. "देव झाकले असतील, औषध कोणी झाकलं?"

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. हळूहळू माझे मन जमिनीवर आले, आणि जमिनीवर कल्पना नव्हती. तेव्हा मला ती गेल्याचे कळले. लोक रडून आपापल्या घरी गेले होते, पंगतीची भांडीसुद्धा परत गेली होती. मी एकटाच रडलो, अजून रडतो. ते रडणे मला गोळीने परत दिले. माझ्या बायकोचे दुःख होते ते, मला हवेच होते.

दोन. माझी सगळी हत्यारे गोकुळला. त्याने ती उसनी देऊ नयेत. लोक परत करत नाहीत. त्याला या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायची होती, पण वाटेकऱ्याने साक्ष देऊ नये, असे वकील म्हणाले.

तीन. मेहुणी शैलजा हिला काही नाही. देव्हारा झाकल्याचा राग नाही, तिला माहीत नव्हते. पण माझ्या नाचाचा व्हिडिओ काढून तिने सगळ्या नातेवाइकांना पाठवला. तो तिच्याकडे आहेच. तेवढा वाटा पुरे.

चार. पितळी वाटी सौरभला. ती मोडीत घालू नये. सूनबाई सोनालीने रागावू नये. तिच्यापासूनही आम्ही लपवले, तिच्यात काही कमी होते म्हणून नव्हे, आम्ही घाबरलो म्हणून.

पाच. हा आजार रक्तातून येऊ शकतो. येतोच असे नाही. सौरभ, तुला तो न येवो. माझ्या सुतकात देव खुशाल झाकावेत, पण घरात कोणाचेही औषध असेल ते बाहेर, समोर ठेवावे. आणि माझ्या तेराव्याला सौरभ हसू लागला, नाचू लागला, तर कोणी त्याची लाज काढू नये. त्याचा हात धरून डॉक्टरांकडे न्यावे. "चल, बाबांना घ्यायला जाऊ," म्हणावे. येईल तो. मीही गेलो होतो.

वरील मजकूर मी वाचून, समजून, पुढील दोघांच्या देखत सही केली आहे.

उदय विश्वनाथ पिंगळे (सही)

साक्षीदार:
१. डॉ. प्राजक्ता सामंत, माझ्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर (सही)
२. नथू भोये, सोसायटीचे वॉचमन (सही)

सिल्वासा, ९ जानेवारी २०२५